फटीसकट घड्याळ

आमच्या घरात वेळ कळायची अडचण कधीच नव्हती. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, टीव्हीखालच्या काळ्या डब्यावर हिरवे आकडे आहेत, आणि मायक्रोवेव्ह आहे, जो एकदा वीज गेली की पुढचा आठवडाभर बारा वाजल्याचं सांगत बसतो. शिवाय सासूबाई आहेत. त्या खिडकीतल्या उन्हाकडे बघून सव्वाचार सांगतात आणि सव्वाचारच वाजलेले असतात. अशा घरात भिंतीवरचं घड्याळ ही गरज नसून हौस आहे, हे मी आधीच मान्य करून टाकते, म्हणजे पुढे वाद नको.

हौस अशी, की घड्याळ लाकूड आणि धातू दोन्हींचं हवं, आणि लाकूडही एका जातीचं नको. मधला गोल सागवान, शिसव आणि फणस यांच्या पट्ट्या शेजारीशेजारी जोडून केलेला. त्याच्याभोवती ठोकीव पितळेचं कडं. तासांच्या जागी तांब्याच्या टिकल्या. आकडे नाहीत, कारण सासूबाईंना देवनागरी हवे होते, नवऱ्याला रोमन, आणि मुलगी म्हणाली, "आई, आकडे आता नसतात." घरातल्या तिघांना समान नाराज करण्याचा हा एकच मार्ग होता.

मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. वर्षानुवर्षं अकरावीच्या फळ्यावर 'उष्णतेने होणारे प्रसरण' असं लिहून खाली रेघ मारली आहे. पितळेचा रेषीय प्रसरणांक अंशाला ०.००००१९, तांब्याचा ०.००००१७, पोलादाचा ०.००००१२, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण पुस्तकातली उदाहरणं नेहमी रेल्वेच्या रुळांची आणि विजेच्या तारांची. रूळ माझे नव्हते आणि तारा महावितरणच्या. स्वतःच्या मालकीचं प्रसरण म्हणून काही माझ्याकडे नव्हतंच.

नवरा म्हणाला, "विकत मिळतात की." मी उत्तर दिलं नाही. तो रोज सकाळी बॅडमिंटन खेळायला जातो. टीव्हीवर मॅच असते की, असं मी त्याला कधी म्हटलेलं नाही.

सागवानासाठी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेले. तिथे सागवान घनफुटावर विकतात. मला हवं होतं ते सागवान घनफुटात मांडलं, तर दशांशचिन्हानंतर आधी एक शून्य येतं आणि मग कुठे आकडे सुरू होतात. दुकानदाराने माझ्या मागे रस्त्यावर नजर टाकली. "साहेब गाडी लावतायत का?"

"साहेब घरी आहेत."

"नाही, लाकूड घ्यायचंय ना, म्हणून." मग माझ्या कागदावरचं माप बघून, "ताई, एवढ्यात काय होणार?"

"घड्याळ."

"मग चहा घ्या," तो म्हणाला. हे सहानुभूतीने म्हटलं की आदराने, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. चहा मात्र आला. चहाबरोबर सागवानाचं कौतुकही आलं: वाळवी लागत नाही, कुजत नाही, पिढ्यानपिढ्या टिकतं. यात अतिशयोक्ती नव्हती. मुंबईच्या गोदीत १८१७ साली सागवानात बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "बघा, आणि तुम्ही घड्याळ करताय." शेवटी मागच्या तुकड्यांच्या ढिगातून त्याने दोन चांगले तुकडे काढून दिले आणि काट्यावर टाकले. जहाजं बांधायचं लाकूड मी किलोवर विकत घेतलं.

शिसवीचं झाड हल्ली सहज तोडता येत नाही आणि नवीन शिसव परवडत नाही, म्हणून जुना बाजार. तिथे पलंगाचा एक मोडका खूर मिळाला. विकणारा म्हणाला, पेशवेकालीन आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात मोडलेली प्रत्येक वस्तू पेशवेकालीन असते. धड असलेल्या वस्तू ब्रिटिशकालीन. खुरावर रंगाचे इतके थर होते की आत लाकूड आहे यावर मी विश्वास ठेवूनच पैसे दिले. कापल्यावर आतून जांभळट काळा रंग निघाला, मधून तपकिरी रेषा, आणि एक गोडसर वास, जो दोन दिवस माझ्या केसांत राहिला. शिसवीचा भुसा नाकात गेला की शिंका थांबत नाहीत. पण पलंग कुणाचा का असेना, खूर अस्सल निघाला.

फणस फुकट मिळाला, आणि म्हणूनच सर्वांत महाग पडला. राजापूरकडच्या आमच्या सासरच्या घरामागे एक फणस वादळात आडवा झाला होता. त्याचा ओंडका पडवीत पडून होता. मी एक फळीभर लाकूड मागितलं. पण फणस सामाईक. सामाईक म्हणजे जोवर कुणी काही मागत नाही तोवर कुणाचंच नसतं, आणि मागितलं की सगळ्यांचं असतं. व्हॉट्सॲपवर भावकीचा गट आहे. एरवी त्यात फक्त सुप्रभात असतं. त्या आठवड्यात तिथे अशी चर्चा झाली की फणसाला आपण गेल्यावर इतकं महत्त्व येणार हे कळलं असतं, तर तो पडलाच नसता. "आज फळी, उद्या पडवी," असं एका चुलतसासऱ्यांनी लिहिलं. दुसऱ्यांनी त्यावर अंगठा दिला. तो कोणत्या बाजूने, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. शेवटी मुंबईच्या आत्येसासूबाईंनी निकाल दिला: न्यायला हरकत नाही, पण घड्याळ झाल्यावर सगळ्यांना दाखवायचं. तेव्हापासून त्या घड्याळाला बत्तीस सहमालक आहेत. फणस ताजा कापला की पिवळाधमक असतो. उजेड लागेल तसा हळूहळू मधाच्या रंगावर जातो, पुढे तपकिरी होतो. त्यामुळे गटावर टाकलेला फोटो आणि आज भिंतीवर आहे तो रंग जुळत नाही, आणि लाकूड बदललं का, अशी शंका कुणीतरी दर गणपतीत काढतंच.

आमच्या स्वयंपाकघरातलं लाकूडकाम ज्या मिस्त्रींनी केलं, त्यांच्या दुकानात मी मग सुट्टीच्या दिवशी जाऊ लागले. त्यांनी माझ्या हातात रंधा दिला. "मॅडम, ढकलायचा. दाबायचा नाही." शिसवीवर रंधा उलट्या अंगाने गेला की तंतू उचकटतात आणि लाकूड रागावल्यासारखं खरखरीत होतं. सरळ अंगाने गेला की आवाजच बदलतो. फणसाची पहिली अखंड ढलपी निघाली, तेव्हा ती मी उजेडापुढे धरली. तिच्यातून समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातला गणपती दिसत होता, जरासा पिवळा. मिस्त्री म्हणाले, "आता थांबा, नाहीतर फळी संपेल."

पट्ट्या जोडायच्या वेळी सागवानाने त्रास दिला. त्याच्या अंगात तेल असतं. याच तेलामुळे ते टिकतं आणि याच तेलामुळे गोंद नीट धरत नाही. इलाज म्हणजे पट्टी ताजी रंधायची, ॲसिटोनने पुसायची आणि तेल पुन्हा वर यायच्या आत गोंद लावून शिकंज्यात आवळायची. ॲसिटोन माझ्या मुलीच्या ड्रेसिंग टेबलावर होतं, नेलपॉलिश रिमूव्हरच्या बाटलीत. बाटली अर्धी झालेली बघून आईने या वयात नखं रंगवायला घेतली, अशा समजुतीने ती क्षणभर फार खूश झाली होती.

आता फटीचं.

मी मिस्त्रींना म्हटलं, लाकडाचा गोल आणि पितळेचं कडं यांच्यामध्ये चहूबाजूंनी दीड मिलिमीटर मोकळं सोडायचं.

"फट?"

"हो, फट."

"मॅडम, फट चुकून राहते. मग आम्ही ती बुजवतो. मुद्दाम कोण ठेवतं?"

मी सांगू लागले. पितळ तापलं की वाढतं, पण तीस सेंटिमीटरचं कडं वीस अंशांच्या फरकाने जेमतेम एक दशांश मिलिमीटर वाढेल. त्याची काळजी नाही. काळजी लाकडाची. लाकूड उष्णतेला भीक घालत नाही, ते हवेतली ओल पितं. पिऊन फुगतं, तेही फक्त आडव्या अंगाने. लांबीच्या दिशेने ते जवळजवळ हलत नाही. एवढ्या रुंदीचं लाकूड पुण्याच्या मे महिन्यातून जुलैत गेलं की दीडदोन मिलिमीटर सहज पसरेल. कड्यात घट्ट बसवलं, तर कडं तरी वाकेल नाहीतर जोड तरी उकलेल. मी हवेतच आलेख काढला. मिस्त्रींनी तो आदराने बघितला आणि म्हणाले, "लांबी भरून टाकू. पॉलिश मारल्यावर कळणार पण नाही."

तेव्हा मी बाथरूमच्या दाराचा विषय काढला. ते दार त्यांनीच केलेलं आहे. पावसाळ्यात ते लागत नाही, आणि त्यामुळे आमच्या घरात जून ते सप्टेंबर आंघोळ करताना मोठ्याने गाणं म्हणायची रीत आहे. मिस्त्री थोडा वेळ गप्प राहिले. मग कानावरची पेन्सिल काढून त्यांनी फळीच्या तुकड्यावर एक जुनं दार काढलं. वाड्याचं. भोवती चौकट, चौकटीला आतून खाच, आणि खाचेत बसलेली फळी. "ही फळी आपण चिकटवत नाही. मोकळी सोडतो. पावसात फुगली तर खाचेत जागा पाहिजे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे तर आम्ही नेहमीच करतो. फळी मोकळी सोडा म्हणायचं ना सरळ. तुम्ही मघापासून भलतंच काहीतरी सांगताय."

त्या आनंदात मी त्यांना जॉन हॅरिसन सांगितला. इंग्लंडमधला हा सुताराचा मुलगा, स्वतःही सुतारच. १७१३ साली त्याने लंबकाचं एक घड्याळ केलं, त्याची चाकं ओकच्या लाकडाची. पुढे एका जमीनदाराच्या वाड्यावर बसवलेल्या मोठ्या घड्याळात त्याने लिग्नम व्हिटी नावाचं लाकूड वापरलं. ते मुळातच इतकं तेलकट की यंत्राला तेल घालायची गरजच पडत नाही. ते घड्याळ अजून चालतं. लंबक उन्हाळ्यात लांबतो आणि घड्याळ मागे पडतं, यावर त्याने पितळ आणि पोलाद यांच्या नऊ कांबी एकमेकींच्या बाजूला अशा लावल्या की पोलादाने लंबक खाली ढकलावा आणि पितळेने तो तेवढाच वर ओढून घ्यावा. लांबी जिथल्या तिथे. माझ्या फळ्यावरचे तेच दोन आकडे, पण याने त्यांना कामाला लावलं होतं. समुद्रावर जहाजाचा रेखांश काढायचा तर अचूक घड्याळ हवं, आणि त्यासाठी इंग्लंडच्या पार्लमेंटने १७१४ साली वीस हजार पौंडांचं बक्षीस लावलं होतं. हॅरिसनचं चौथं यंत्र १७६१ मध्ये जमैकाला निघालं आणि ८१ दिवसांच्या प्रवासात पाच सेकंद मागे पडलं. फक्त पाच.

"मग मिळालं बक्षीस?"

"नियमावर बोट ठेवून अडवत राहिले. राजाने लक्ष घातलं, तेव्हा उरलेले पैसे १७७३ साली पार्लमेंटकडून मिळाले. तेव्हा हा ऐंशीचा."

मिस्त्रींनी पटाशी खाली ठेवली. "ॲडव्हान्स घेतला नसेल," ते म्हणाले. त्यानंतर माझ्या बिलाचा ॲडव्हान्स त्यांनी त्याच दिवशी मागून घेतला.

गोल कड्यात राहावा म्हणून मागून पितळी पट्ट्या लावल्या. त्यांची भोकं गोल न ठेवता लांबट ठेवली, म्हणजे लाकूड सरकलं तर स्क्रूही सरकेल. मिस्त्रींना आता हे समजावून सांगावं लागलं नाही. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना तेच समजावून सांगत होते.

कड्यासाठी कसब्यातल्या तांबट आळीत गेले. पेशवाईत वसलेली ही आळी नाकाआधी कानाला लागते. एका ओट्यावर एक आजोबा मठारकाम करत बसले होते. मठार म्हणजे गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने भांड्यावर एकाशेजारी एक सारखे ठोके घालत जायचं. प्रत्येक ठोक्याचा एक छोटा खळगा उमटतो आणि प्रत्येक खळगा उजेड वेगळा फेकतो. हे नुसतं नक्षीसाठी नसतं. ठोकल्याने तांबं-पितळ कडक होतं, तापवलं की परत मऊ पडतं. मी कड्याचा आतला व्यास सांगितला. त्यांनी पत्रा त्याहून लहान आखला. मी म्हटलं, लहान होतंय. ते म्हणाले, "ठोकल्यावर पत्रा पसरतो, बाई." किती पसरेल, यावर त्यांच्याकडे सूत्र नव्हतं. कडं झाल्यावर मी पट्टी लावून बघितली. सूत्राची कमतरता जाणवली नाही.

घड्याळाचं कडं म्हटल्यावर त्यांना विशेष वाटलं नाही. वाटायचं कारणही नव्हतं. आपल्याकडचं जुनं घड्याळ तांबटाच्याच हातचं होतं. घटिकापात्र म्हणजे बुडाला बारीक भोक असलेलं तांब्याचं पातळ भांडं. पाण्यात सोडलं की २४ मिनिटांत भरून बुडतं. ती एक घटका, अशा साठ घटकांचा दिवस. लग्नाचा मुहूर्त त्यावर काढत. त्याला सेल लागत नसे. मात्र शेजारी एक माणूस डोळे लावून बसलेला लागे, आणि लग्नघरात असं बिनकामाचं माणूस मिळणं आजच्याइतकंच तेव्हाही सोपं असावं.

तांब्याच्या टिकल्या मला लखलखीत नको होत्या. काळपट तपकिरी हव्या होत्या, म्हणजे पितळेच्या पिवळ्यापुढे उठून दिसतील. त्याची घरगुती रीत आहे. अंडी उकडायची, गरम असतानाच कुस्करायची आणि झाकणाच्या डब्यात तांब्याबरोबर बंद करून ठेवायची. अंड्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, त्यातलं गंधक तांब्याला चढतं आणि पृष्ठभाग काळवंडतो. विज्ञानाला यात काही अडचण नाही. अडचण अशी, की आमच्या घरात अंडं येत नाही. सासूबाई आहेत तोवर नाही, असं ठरलेलं आहे, आणि सासूबाईंची प्रकृती उत्तम आहे. मी अंडी कॉलेजच्या प्रयोगशाळेत उकडून डबा घरी आणला आणि माळ्यावर ठेवला. माळ्यावर सासूबाई चढत नाहीत. त्या दिवशी त्यांना जुनं पंचांग हवं होतं. स्टुलावर नवऱ्याला चढवून त्यांनी डबा खाली काढला आणि उघडला.

घरात काही काळ फक्त पंख्याचा आवाज होता.

"हे काय आहे?"

"घड्याळ," मी म्हटलं.

त्यांनी डब्यात पुन्हा बघितलं. "घड्याळाला अंडी लागतात?"

"फक्त बलक, आई."

नवरा स्टुलावरून उतरत नव्हता, आणि त्याचे खांदे हलत होते. सासूबाईंनी डबा माझ्या हातात देऊन गोमूत्र शिंपडलं आणि एवढंच म्हणाल्या, "वासाची असली तरी वस्तू पूर्ण कर. अर्धवट टाकू नको." टिकल्यांना सुरेख रंग आला होता.

मशीन रविवार पेठेत मिळालं. भिंतीवरच्या घड्याळांचं भारतातलं मोठं गाव म्हणजे गुजरातमधलं मोरबी. पण मशीन कुठलंही घ्या, आत व्यवस्था एकच. चिमट्याच्या आकाराचा एक इवला क्वार्ट्झ स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा वेडावाकडा दिसतो, पण तो २ चा पंधरावा घात आहे. पंधरा वेळा निम्मा करत गेलं की सेकंदाला बरोबर एक ठोका उरतो. त्या ठोक्याने एक चिमुकली मोटर एक पाऊल टाकते. सगळं दीडशे रुपयांच्या आत, प्लास्टिकच्या डबीत. नवऱ्याने ती डबी तळहातावर घेऊन तोलली. "म्हणजे खरं घड्याळ हे. तू केलीस ती त्याची चौकट."

"तू भाजी आणतोस तेव्हा भाजी मी केली असं म्हणतोस, ते मी चालवून घेते ना?"

तो मुद्दा तिथे संपला. पण मशीनचा मुद्दा राहिला. ही मोटर अॅल्युमिनियमच्या हलक्या काट्यांसाठी बांधलेली असते, आणि माझे काटे पितळेच्या पत्र्यातून कापलेले. जड काट्याची खरी परीक्षा आडवा असताना होते, कारण तेव्हा वजनाचा हात सर्वांत लांब. सेल उतरलेल्या घड्याळात सेकंदकाटा नऊपाशीच का अडकतो आणि तिथल्या तिथे का थरथरतो, याचं उत्तर हेच. चढण तिथे सर्वांत अवघड. म्हणून मी प्रत्येक काट्याला मागे शेपटी ठेवली आणि शेपटीवर तांब्याचं एक वजन झाळलं. ते कानशीने घासत घासत असं केलं, की काटा सुईवर ठेवला तर कुठल्याही कोनात स्वस्थ राहील. आघूर्णाचा समतोल. मी तो अकरावीच्या वर्गात नेऊन दाखवला. मुलांनी मनापासून बघितलं. मग पहिल्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?"

पाडव्याला घड्याळ भिंतीवर चढलं आणि त्याच संध्याकाळपासून फटीची प्रसिद्धी सुरू झाली.

आलेला प्रत्येक माणूस आधी म्हणे, वा. मग जवळ जाई. मग मान तिरकी करी. आणि मग परीक्षेत दोन मार्कांनी नापास झालेल्या मुलाच्या आईशी बोलतात त्या आवाजात म्हणे, "इथे जरा फट राहिलीय, नाही का? असू दे, हाताने केलंय म्हटल्यावर चालायचंच." मी प्रसरण समजावलं की ते मान हलवत आणि जाताना नवऱ्याला दारात हळूच सांगत, "तिला बोलू नका काही."

जाऊबाई मात्र समजावून सांगितल्याबरोबर समजल्या. जरा जास्तच. "किती खरं आहे," त्या डोळे मिटून म्हणाल्या, "नात्यांतसुद्धा अशी फट हवी, नाही?" मी म्हटलं, वहिनी, फट दीड मिलिमीटरची आहे. तिला एवढा भार झेपायचा नाही. तरी दुसऱ्या दिवशी भावकीच्या गटावर घड्याळाच्या फोटोवर सूर्योदय चढवून तो सुविचार आलाच. त्याला बत्तीस अंगठे मिळाले. फणसाच्या फळीवर एकमत होत नव्हतं, फटीवर झालं.

खालच्या मजल्यावरचे काका सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी खिशातून एम-सीलची पुडीच काढली. "दोन मिनिटांचं काम."

"काका, तुम्ही पूल बांधलेत ना? पुलाच्या स्लॅबमध्ये सांधा मोकळा का ठेवता?"

"ठेवावाच लागतो. उन्हात काँक्रीट वाढतं."

"मग?"

काकांनी घड्याळाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघितलं. "पण तो पूल असतो," ते म्हणाले, आणि पुडी मळायला घेतली. मी त्यांना खाली जेवायला बोलावताहेत असं सांगून घालवलं.

मग पावसाळा आला, आणि मला जे कागदावर माहीत होतं ते भिंतीवर होऊ लागलं. पट्ट्या मी उभ्या लावलेल्या. म्हणजे लाकूड फुगणार ते डावी-उजवीकडे, वर-खाली नाही. जुलै मध्यावर आला तशी तीन आणि नऊच्या बाजूची फट मिटत आली, बारा आणि सहाची होती तशीच राहिली. म्हणजे गोल आता गोल नव्हता, अंडाकृती झाला होता, अर्थात डोळ्यांना दिसेल इतका नाही. (अंडाकृती हा शब्द मी सासूबाईंसमोर वापरला नाही.) काकांचा नातू उन्हाळ्यात त्या फटीत रुपयाचं नाणं अडकवून ठेवायचा, आम्हीही काही म्हणत नसू. जुलैत नाणं नऊच्या बाजूने आत जाईना. त्याने ते बाराच्या बाजूने टाकलं आणि खात्रीने सांगितलं की घड्याळ बिघडलं. मी म्हटलं, चालतंय तर. "हो, पण ही बाजू बंद झालीय." सबंध इमारतीत माझं घड्याळ नीट बघितलेला तो पहिला माणूस.

दिवाळीच्या साफसफाईत कामाच्या मावशींनी टिकल्यांचा काळपटपणा बघून मला न विचारता, निव्वळ मायेपोटी, त्या चिंच आणि राख लावून लखलखीत घासून ठेवल्या. चिंचेतलं आम्ल आणि राखेचं घर्षण यांच्यापुढे गंधकाचा थर काय टिकणार? "किती घाण साचली होती ताई, वर्षानुवर्षांची," मावशी म्हणाल्या. मी त्यांना चहा दिला. अंडी पुन्हा उकडायची की नाही, यावर घरात मत घेतलं. सासूबाई म्हणाल्या, तांबं लखलखीतच बरं दिसतं. ठराव मंजूर झाला.

सासूबाईंचं फटीशी जमलं ते मात्र त्यानंतर, माघ संपता संपता. त्या एकदा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन घड्याळापुढे उभ्या राहिल्या. वेळ बघायला नाही. वेळेसाठी त्यांची खिडकी आहे. त्यांनी नऊच्या बाजूला नख लावून बघितलं, तीनच्या बाजूला लावून बघितलं, आणि विचारलं, "ही मिटते ती हवेत ओल असली की, असंच ना?"

"हो, आई."

"मग उघडली म्हणजे हवा कोरडी."

मी होय म्हटलं. अकरावीच्या एकाही वर्गाने इतक्या वर्षांत हा उलटा निष्कर्ष स्वतःहून काढलेला नाही. दुसऱ्या दिवशी बाजूच्या दोघीतिघी आल्या. सासूबाईंनी त्यांना घड्याळापाशी नेऊन सांगितलं, की गेल्या वर्षी कुरडयांना बुरशी आली ती घाई केल्यामुळे. या वर्षी फट पुरती उघडल्याशिवाय चीक शिजवायला घ्यायचा नाही. एकीने पदरातलं नाणं काढून लावून बघितलं. खालचे काका तेवढ्यात वर आले होते. त्यांना कुठेतरी जायचं असावं, कारण त्यांनी दारातूनच विचारलं, "वहिनी, किती वाजले?"

सासूबाईंनी नाणं नऊच्या फटीत सरकवून बघितलं. "अजून चार दिवस थांबा," त्या म्हणाल्या.